पिकुन मावशींच्या वरच्या खोलीतला

थायलंडातल्या लामपांगला, देवळामागच्या गल्लीत पिकुन मावशींचं खाओ सोईचं दुकान. नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या थोड्या, बाजूला मोहरीच्या पानांचं लोणचं. हाताला चव अशी की माणूस वाटी चाटूनपुसून साफ करील, आणि तोंड असं की त्याच माणसानं वर मीठ मागितलं तर त्याची खैर नाही.

नवरा गेल्यावर मावशींनी एकटीनं दुकान ओढलं, मुलीला शिकवून बँकॉकला धाडलं. मग घर खायला उठलं, म्हणून वरची खोली भाड्यानं दिली. भाडेकरू मिळाला डेन्मार्कचा टोरबेन. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला, आणि मावशींच्या बुटक्या दारात रोज कपाळ आपटणारा. आधी तो नुसता खायचा. मग लसूण सोलायला बसू लागला. पुढे कमरेला फडकं बांधून गिऱ्हाइकांपुढे वाट्याच नेऊन ठेवू लागला. मावशींनी हे कुणापाशी कबूल केलं नसतं, पण सकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की त्यांना बरं वाटायचं.

आता यात वावगं ते काय? घरात राहणारा माणूस हाताची घडी घालून बसला तर आमच्या गल्लीत त्याला आळशी म्हणतात.

पण सरकारला हे कोण सांगणार? वर्षाचा व्हिसा वाढवायच्या वेळी, माणूस खरंच तिथे राहतो का ते बघायला इमिग्रेशन कचेरीतल्या कन्निका मॅडम आल्या, त्या नेमक्या गर्दीच्या वेळी. टोरबेनच्या दोन्ही हातांत वाफाळत्या वाट्या.

"मावशी, हे तुमच्याकडे कामाला आहेत?" मॅडमनी विचारलं. "निवृत्तांच्या व्हिसावर काम चालत नाही. फुकटसुद्धा नाही. परत पाठवावं लागतं."

हा गेला तर वरची खोली पुन्हा गप्प होणार, एवढंच मावशींना सुचलं.

"कामाला कसले? जेवतायत ते," त्या ठसक्यात म्हणाल्या.

"दोन वाट्या?"

"भूक दांडगी आहे मेल्याची."

"मग जेवू द्या," म्हणत मॅडमनी स्टूल ओढलं.

टोरबेन मुकाट्यानं बसला. एक वाटी संपवली, दुसरी संपवली. ज्यांच्या त्या वाट्या होत्या ती गिऱ्हाइकं शेजारी उपाशी बसून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. एकानं तर साळसूदपणे तिसरी पुढे सरकवली. "काका, ही राहिली की तुमची." टोरबेनचा चेहरा लालबुंद, घाम हनुवटीवरून टपटपतोय. तरी गड्यानं तीही ओढली. त्याला पण इथून हलायचं नव्हतं.

शेवटी मॅडमनाच हसू आवरेना. "बरं. मी आज एक जेवणारा माणूस पाहिला. पण मावशी, रोज कसं जमायचं हे? इथल्या बाईशी लग्न केलं असतं, तर परवाना काढून खुशाल वाट्या उचलल्या असत्या त्यानं."

मावशींनी पदरासारखा गळ्यातला टॉवेल ओढून तोंड पुसलं, टोरबेनकडे न बघता रस्सा ढवळला, आणि भाजीवाल्याशी भांडावं तशा आवाजात म्हणाल्या,

"त्याला कागद कुठले लागतात?"

टोरबेनच्या तोंडात घास होता. त्यानं नुसती मान हलवली, हो, हो, हो अशी, अन् डोळे पुसत उठला. काय करावं ते न सुचून त्यानं समोरच्या रिकाम्या वाट्या उचलल्या.

"ठेवा त्या खाली," मावशी कडाडल्या. "परवाना येईपर्यंत हात लावायचा नाही."