चाळीसला वळ

गल्लीत त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत, आणि त्यांना त्याचा राग यायचं सोडून अभिमानच वाटायचा. सारा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. चहाला उकळी फुटली की नव्वद सेकंद, एक्क्याण्णवावा झाला की यांचं तोंड वाकडं. बायको म्हणायची, "या माणसाला ताप आला तर आधी थर्मामीटर किती वेळ धरला ते सांगेल, मग आकडा."

मुलगी विमान चालवायला शिकायला लागली तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत तिच्यासाठी विमान बसवलं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं. दुकानातली जुनी खुर्ची, जुन्या शिलाई मशिनीच्या पायट्यापासून केलेली पायाखालची पेडलं, समोर एकच पडदा. स्वतः ते जन्मात विमानात बसले नव्हते, पण शिकवायची हौस दांडगी. मुलगी विमान चालवायची आणि हे शेजारी स्टूल टाकून बसायचे, हातात स्टॉपवॉच.

सगळी अडचण त्या एका पडद्याची होती. उतरण्याआधी विमान धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने न्यावं लागतं. मग दोनदा वळून धावपट्टीसमोर यायचं. पहिलं वळण कधी घ्यायचं ते खऱ्या विमानात मान वळवून बघतात. पडद्यावर बाजूचं बघायचं तर कळ दाबून दृश्य फिरवावं लागे, आणि तेवढ्यात विमान डुलायला लागे. काकांनी यावर तोड काढली. धावपट्टीचं टोक मागे पडलं की स्टॉपवॉच सुरू करायचं आणि बरोबर चाळीस सेकंदांनी सांगायचं, "वळ." शंभरातल्या शंभर वेळा विमान सुतासारखं धावपट्टीसमोर. काकांची छाती फुगली.

खऱ्या विमानात मात्र मुलगी उतरताना सारखी चुकू लागली. कधी फार लांब जायची, कधी फार जवळ. शेवटी फ्लाइंग क्लबच्या कॅप्टननी काकांना बोलावून घेतलं. हे कॅप्टन म्हणजे तिला शिकवणारे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ.

"घरी हिला कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं.

"मी," काका ऐटीत म्हणाले.

"वळायच्या आधी ही तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटते. बाहेर बघतच नाही. तुमच्या खोलीत वारा असतो का हो?"

नसायचा. वारा सुरू केला की हिशोब चुकतो म्हणून काकांनीच तो बंद ठेवला होता. खऱ्या आकाशात वारा विमानाला कधी पुढे ढकलतो, कधी अडवतो; चाळीस सेकंदांत रोज वेगळं अंतर. काकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"बटणं, रेडिओवरचं बोलणं, उड्डाणाआधी तपासायच्या याद्या, यात ती सगळ्यांच्या पुढे आहे. तेवढं तुमच्या खोलीनं छान शिकवलं," कॅप्टन म्हणाले. "पण शुक्रवारी मी शेवटचं बघणार. एकटीला विमान घेऊन वर सोडण्याजोगी वाटली तर सोडीन. नाहीतर तिला इथंच थांबवावं लागेल."

त्या आठवड्यात काकांनी डावीकडे दुसरा पडदा लावला, वारा सुरू केला आणि स्टॉपवॉच कपाटात ठेवून किल्ली बायकोकडे दिली. मुलगी विमान चालवायची आणि हे स्टुलावर ओठ दाबून बसायचे. ते गप्प बसणं त्यांना फार जड गेलं. आपण लेकीचं नुकसान केलं, आणि तेही प्रेमानं केलं, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ते क्लबच्या कुंपणापाशी उभे होते. कॅप्टनना घेऊन मुलीनं तीन फेऱ्या मारल्या. तिसरीनंतर विमान थांबलं, दार उघडलं आणि कॅप्टन खाली उतरून बाजूला झाले. विमान पुन्हा निघालं. आता आत ती एकटीच होती.

विमान चढलं, वळलं, समांतर आलं. धावपट्टीचं टोक मागे पडलं आणि काकांच्या डोक्यात, नको नको म्हणता, काटा सुरू झाला. घड्याळ कुलपात होतं, पण मोजायला त्यांना घड्याळ कशाला लागतंय? तीस. पस्तीस. चाळीस.

ती वळली नाही.

पंचेचाळीस. वाऱ्यानं पाच-सहा सेकंद इकडे तिकडे होणारच, त्यांनी मनाला समजावलं. पन्नास. पंचावन्न. विमान सरळ लांब चाललं होतं, लहान लहान होत. साठ. पोर घाबरून गोठली की काय? "अगं वळ ना," ते कुंपणाची तार घट्ट धरून ओरडले, जणू तिला ऐकूच जाणार होतं. पासष्ट. त्यांनी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन कानाला रेडिओ लावून शांत उभे होते, आणि त्या शांतपणाचा काकांना भयंकर संताप आला. माझी एकुलती एक पोर आहे वर, आणि हा मिशा कुरवाळतोय!

मग कॅप्टननी नुसतं बोट दाखवलं. दूर झाडांच्या रांगेलगत, खाली, एक दुसरं विमान संथपणे धावपट्टीकडे येत होतं; चाळीसला वळली असती तर पोर नेमकी त्याच्या वाटेत आली असती. मागच्या राखाडी ढगात मिसळून गेलेलं, राखाडी रंगाचं, पटकन दिसेल असं नव्हतंच. काकांना ते दिसलं नव्हतं. ते मोजत होते.

ते विमान उतरून बाजूला गेलं. मुलगी अठ्ठ्याहत्तराव्या सेकंदाला वळली होती. तिचं विमान खाली आलं, एकदा उसळून पुन्हा टेकलं आणि धावपट्टीच्या मधोमध पळत राहिलं. काकांच्या जिवात जीव आला आणि ते तिथंच गवतात बसले.

कॅप्टननी तिचा हात हातात घेऊन दाबला, आणि मग ती धावतच कुंपणाशी आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"मोजत होतात ना, बाबा?"

खोटं बोलावंसं त्यांना फार वाटलं. "हो," ते म्हणाले.

"मला चाळीसला तुमचा आवाज आला. अगदी कानाशी. वळ म्हणून."

"मग?"

"हात वळायलाच निघाला होता. पण आधी बाहेर बघितलं."

काकांनी त्या दुसऱ्या विमानाकडे बघितलं. त्यातून एक बाई उतरत होती आणि तिच्यामागोमाग एक म्हातारा, बहुतेक तिचा बाप. आयुष्यभर लेकीला माझं ऐक, माझं ऐक म्हणत आलेल्या काकांनी तारेतून हात घालून तिचं मनगट धरलं.

"बरं केलंस," ते म्हणाले, "माझं ऐकलं नाहीस."