आधी जेवण, मग पुस्तक

सलोमीमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी मागीलदारी बांगडे साफ करत बसले होते. पाळकसाहेबांच्या पत्नी आल्या, तेव्हा मला वाटलं, चर्चमधल्या जेवणाच्या तयारीचं काही विचारायला आल्या असतील. "मावशी गेल्या... पालीला," म्हणाल्या आणि पायरीवर बसून सगळं सांगू लागल्या. एका कुटुंबाला मुलांना वाढवण्याविषयीचं पुस्तक निवडून द्यायचं म्हणून मावशी सकाळच्या एसटीनं पालीला गेल्या होत्या. पोटभर जेवल्या, सोलकढी पुन्हा मागून घेतली, "जरा पडते गो" म्हणून चटईवर आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता हसूही आलं. मरण कसं हवं असं कुणी मावशींना विचारलं असतं, तर त्यांनी हेच मागितलं असतं. परक्या घरी, त्या घरचं अन्न पोटात घेऊन, कामावर असताना. हात तसेच माशाचे होते, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

मावशी मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट स्वतःकडे घेतलं. कुणी दिलं असं नाही, त्यांनी घेतलं. मुलांना ख्रिस्ती वळण कसं लावावं, घरी कसं शिकवावं, आईबापांनी काय करावं, काय करू नये... अशा पुस्तकांनी ते गच्च भरलेलं होतं. काही मराठी, काही इंग्रजी, काही मायदेशी परतणाऱ्या परदेशी कुटुंबांनी मागे ठेवलेली. मंडणगडापासून लोक विचारत यायचे, मावशी, आमच्या घराला कुठलं चांगलं? त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं, आधी जेवायला येते. आणि खरंच जायच्या. लोकांना वाटायचं, म्हातारीला जेवणाची हौस आहे. हौस होतीच, ते काही मी नाकारत नाही! पण भात कालवता कालवता त्यांचं लक्ष चौफेर असायचं. आधी कुणाला वाढतात, लेकरू हवं ते मागतं की बापाच्या तोंडाकडे बघतं, सांडलं तर घर गप्प होतं की हसतं, सगळं त्या बघून ठेवत. मग काही दिवसांनी तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं एखादं पुस्तक घेऊन यायच्या, आणि त्यातले काही धडे पांढऱ्या दोऱ्यानं शिवून बंद केलेले असायचे. हे तुमच्या घराला नको, म्हणायच्या. पुस्तक परत आलं की टाके उसवायचे आणि पुढच्या घराच्या मानानं दुसरीकडे घालायचे. त्यामुळे त्या कपाटातलं एकही पुस्तक सुईच्या भोकांवाचून राहिलं नव्हतं. मुलांना मार देण्याविषयीचे धडे तर त्यांनी कुठल्याच घरी उघडे जाऊ दिले नाहीत.

आमची त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या लेकीच्या, करुणाच्या आजारपणात. आम्ही मूळचे नगरकडचे, ह्यांच्या बदलीमुळे रत्नागिरीला आलेलो. ऐंशी साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. करुणा तिसरीत होती आणि तिला सांध्यांच्या तापानं धरलं. ताप गेला, पण हृदयाला जपायचं, वर्षभर शाळा नाही, धावणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंचा लगेच निरोप आला, पोरीला नगरला आमच्याकडे पाठवा, तिथे शिकलेली माणसं आहेत, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. हे म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, घरी अभ्यास नीट चालला तर राहील, नाहीतर आई म्हणते तेच करू. मी मान डोलावली, पण मन मानेना. एकुलती एक पोर, तीही आजारी, आणि ती माझ्यापासून घाटापलीकडे राहणार...

मावशी आधी जेवून जाणार, मग कधीतरी पुस्तक आणणार, तेवढी वाट बघायला मला धीर कुठला! मिशनच्या बंगल्यातलं परदेशी कुटुंब तेव्हाच परत गेलं होतं. ते आपल्या मुलांना घरीच शिकवत. त्यांचा अख्खा अभ्यासक्रम, रंगीत पुस्तकांचं भलंमोठं खोकं, आम्ही उचलून आणलं. रोज काय शिकवायचं, किती वाजता, आईनं कुठे बसायचं, सगळं छापून ठेवलेलं. वेळ झाली की घंटा वाजवा, असं त्यात होतं, म्हणून ह्यांनी बाजारातून पितळी घंटा आणली. पहिल्याच दिवशी मी ती वाजवली, तर आळीतली सगळी पोरं कुल्फीवाला आला म्हणून आमच्या अंगणात हजर! त्यांना हाकललं आणि शिकवायला बसले, तर पहिला धडा बर्फ गोळा करण्याचा. खिडकीबाहेर फणस लगडलेला, आणि मी पोरीला बर्फ समजावून सांगतेय. करुणा आधी हसायची. मग हसेनाशी झाली. मी तिला उशांनी टेकवून बसवायची, घटकेघटकेला दूध पाजायची, कुणाला तिच्याजवळ फिरकू द्यायची नाही. पानं पुरी होत होती, पण पोर दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. शेवटी मी मावशींकडे गेले.

त्या आल्या, जेवल्या. माझ्या नगरी भाकरीचं कौतुक केलं, आमटी तिखट झाली म्हणून सांगितलंही. मी करुणाच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होते आणि तिला भरवत होते. तिनं आणखी एक तुकडी मागितली, ती मी पचायची नाही म्हणून दिली नाही. मावशी बघत होत्या. नंतर आल्या त्या दोन पुस्तकं घेऊन. एक आमच्याच खोक्यातलं, जाताना त्यांनी नेलेलं अंकगणिताचं, आणि दुसरं मुलांच्या संगोपनावरचं मराठी पुस्तक. ते मी अधाशासारखं उघडलं. नेमका एकच धडा शिवलेला होता, 'आजारी मुलाची काळजी'. माझं डोकंच फिरलं. ज्याच्यासाठी मी पुस्तक मागितलं, तेच बंद!

"मावशी, मला हाच धडा हवा होता," मी म्हटलं.

"तो तुला पाठ आहे गो," त्या म्हणाल्या. "बाकीची पोरगी कुठे गेली ती शोध. ताप गेला, तिला तू अजून तापातच ठेवलंयस."

मी तणतणत आत निघून गेले. चहासुद्धा विचारला नाही. मावशींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी करुणाला सांगितलं, आजपासून काटे तू काढायचे. आणि ती घंटा संध्याकाळी वाजवायची, येतील त्या पोरांना सकाळी शिकलेलं तू शिकवायचं, जाग्यावर बसून. दुसऱ्या दिवशी मी घुश्श्यातच घंटा वाजवली. पोरं आली, कुल्फी नाही म्हणून कुरकुरली, पण बसली. करुणा बाजेवर, पोरं खाली. तिला बेरीज शिकवायची होती आणि स्वतःलाच हातचा नीट येत नव्हता, म्हणून सकाळी तिनं तो मला परत परत विचारून घेतला होता. इतक्या दिवसांत तिनं आपणहून मला विचारलेली ती पहिली गोष्ट.

दिवाळीला सासूबाई नातीला न्यायलाच आल्या. संध्याकाळची वेळ, ओटीवर पोरांचा गलका, आणि मधोमध करुणा एकाला दटावत होती, तेही अस्सल रत्नागिरीच्या हेलात, "असा रे काय करतोस, नीट वाच गो... नाही, रे!" मुलाला बायकांचं 'गो' म्हटल्याचं तिचं तिलाच हसू आलं. सासूबाई पायरीवर थबकल्या. जेवताना नात माशाचे काटे सफाईनं काढत होती, ते बघत राहिल्या. निघताना एकट्याच निघाल्या, मला एवढंच म्हणाल्या की हिला इथलं हवापाणी मानवलंय. पुढच्या जूनमध्ये करुणा आपल्या पायांनी शाळेत गेली. मी मावशींकडे पुरणपोळ्या घेऊन गेले आणि त्या दिवशी न दिलेल्या चहाबद्दल त्यांनी मला मनसोक्त चिडवलं. ते पुस्तक मात्र त्यांनी कधी परत मागितलं नाही, आणि तो धडा मी आजवर वाचलेला नाही.

करुणा आता कॉलेजात जाते. मावशींच्या दफनानंतर त्यांची कापडी पिशवी पाळकसाहेबांनी तिच्याकडे दिली, का कोण जाणे. पिशवीत एक पुस्तक, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि कव्हरात खोचलेली सुई. ते पुस्तक अजून कुठेच शिवलेलं नव्हतं, जुनी भोकं तेवढी होती. परवा पालीची ती बाई आली, जिच्या घरी मावशी गेल्या. नवरा मुंबईला, धाकटी पोर शाळेत तोंडच उघडत नाही. चाचरत म्हणाली, मावशी जेवून गेल्या, पण काय वाचू ते सांगायचं राहिलं. मी पाळकसाहेबांनी आमच्याकडे ठेवलेली पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधायला उठले, तर करुणानं माझा हात धरला.

"आधी आम्ही जेवायला येतो," ती त्या बाईला म्हणाली.

बाईच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं, की मी किल्लीचा नाद सोडला. रविवारी उपासना झाली की पालीची एसटी. करुणानं सुईत दोरा आताच ओवून ठेवलाय.