आजींच्या जेवणाची वेळ

बीदरच्या बाहेर लाल मातीच्या माळावर एक वृद्धाश्रम आहे. तिथं मी आठ वर्षांपासून काम करते. अंघोळ घालणं, गोळ्या देणं, केस विंचरणं, हात धरून चालवणं हे माझं काम. दुपारी हवाई दलाची शिकाऊ विमानं डोक्यावरून गेली की तेवढा वेळ सगळ्यांचं बोलणं थांबतं आणि मग जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं. कन्नड, मराठी, उर्दू, ज्याच्या तोंडात जे बसेल ते. मला तिथं सगळे अक्का म्हणतात, माझ्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा.

ज्या आजींविषयी मी लिहितेय त्या बसवकल्याणकडच्या एका खेड्यातून आल्या. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि वॉकर घेऊन जेमतेम चार पावलं टाकता येत होती. मुलगा आणि सून हैदराबादला, दोघं नोकरीला. दिवसभर फ्लॅटमध्ये त्यांच्याजवळ थांबायला कुणी नाही, म्हणून इथं आणलं. मुलगा वाईट नव्हता. आल्या दिवशी त्यानंच फॉर्म भरला. फॉर्मवर प्रश्न होते ते असे: बीपी आहे का, साखर आहे का, दात किती आहेत, गोळ्या कोणत्या. त्यानं सगळं नीट लिहिलं. आजी त्याच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, आणि गाडी गेली तेव्हा वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलं. आमच्याकडं साडेबाराला सगळे हॉलमध्ये बसतात. ताट पुढं आलं की आजी म्हणायच्या, "नंतर." दीड वाजता स्वयंपाकघर बंद व्हायचं आणि ताट जसंच्या तसं परत जायचं. संध्याकाळीही तेच. दिवसभरात चहा, दोन बिस्किटं आणि फार तर घासभर भात. पंधरा दिवसांत त्यांच्या ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्या. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. आश्रम बघणारे सर, जे आधी शाळेत हेडमास्तर होते, त्यांनी मला सांगितलं की आजींना हातानं भरवायचं.

मी भाकरी वरणात कुस्करून घास पुढं केला. आजींनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या धम्मचक्राच्या लॉकेटकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मला जे वाटायचं ते वाटलं. आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील शाळामास्तर झाले, मी नर्सिंगचा कोर्स केला, पण गावात लहानपणी बघितलेलं विसरलं जात नाही. याच आश्रमात पूर्वी एका बाईंनी माझ्या हातचं पाणी नको म्हणून सांगितलं होतं, तेही गोड आवाजात. म्हणून मी ताट उचललं, सरांकडं गेले आणि म्हटलं, या आजींना दुसरं कुणी द्या.

"त्या तसं काही बोलल्या का?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, बोलायला लागत नाही, कळतं.

सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या बाईंना पाठवलं. त्या भालकीकडच्या, शेतकरी घरातल्या, आजींच्याच समाजाच्या. आजींनी त्यांच्याही हातचा घास घेतला नाही. माझं कारण तिथंच खोटं पडलं, पण खरं सांगायचं तर मी ते लगेच सोडलं नाही. मनात धरून ठेवलेली गोष्ट खोटी ठरली तरी हात तिला सोडत नाही.

पुढच्या रविवारी आजींची धाकटी जाऊ भेटायला आली. शेंगाच्या चटणीचा डबा आणि घरच्या गाईचं तूप घेऊन ती बस बदलत बदलत आली होती. दोघी बराच वेळ बोलल्या. ती निघाली तेव्हा नळाजवळ मी तिला गाठलं आणि विचारलं, मावशी, आजी घरी कशा जेवायच्या हो?

तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली की त्या घरात बावीस माणसं होती. आजी पंधराव्या वर्षी थोरली सून होऊन आल्या. आधी पुरुष, मग लेकरं, मग शेतावरचे गडी, मग सासू आणि नणंदा, मग बाकीच्या सुना. सगळ्यांना वाढून झालं की उरलेली भाकरी घेऊन त्या चुलीपाशी बसायच्या. पुढं सासू गेली, घर वाटलं गेलं, माणसं कमी झाली, तरी त्यांची बैठक बदलली नाही.

"आमच्या थोरल्या अक्काला पंगतीत बसल्याली मी जन्मात बघितली न्हाई," ती म्हणाली. "माणसं उपाशी बसल्याली आसताना तिच्या घशाखाली घास कसा उतरंल?"

मी तिथंच पायरीवर बसले. तीस माणसांसमोर, सगळ्यांच्या आधी, मी त्यांच्या तोंडात घास कोंबत होते. आणि तोंड फिरवल्याचा राग मलाच आला होता.

सरांना मी सांगितलं की आजींना वाढू द्या आणि शेवटी जेवू द्या. त्यांना ते पटलं नाही. दीड वाजता स्वयंपाकघर धुतलं जातं, एकासाठी वेळ बदलली की उद्या दहाजण मागतील, आणि वॉकरवरची बाई वाढणार कशी, पडली तर मुलाला काय सांगायचं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी त्यांनी पंधरा दिवस दिले.

हॉलच्या तोंडाशी आम्ही एक हाताची खुर्ची ठेवली. आजी तिच्यात बसायच्या, मांडीवर भाकरीची टोपली. जो आत येईल त्याच्या ताटात त्या भाकरी ठेवायच्या. पहिल्या दिवशी त्या नुसत्या भाकरी ठेवत गेल्या. आठवड्यात त्यांना कळलं की कुणाला भाकरीचा पापुद्रा लागतो, कोण चुरून खातं, कुणाला कडक भाकरी चावत नाही. जे आम्हाला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. एका आजोबांची भाकरी त्या दोन बोटांनी दाबून बघायच्या आणि कडक वाटली तर आत परत पाठवायच्या. स्वयंपाकाच्या बाई कन्नडमध्ये कुरकुरायच्या, आजी कन्नडमध्येच उत्तर द्यायच्या.

सगळे उठल्यावर आजी, स्वयंपाकाच्या बाई आणि मी, तिघी स्वयंपाकघरात जेवायला बसायचो. पहिल्या दिवशी मी त्यांचं ताट ठेवून बाजूला उभी होते.

"बस की," त्या म्हणाल्या. "उभी कामून ऱ्हायलीस?"

मी बसले. त्यांनी आपल्या भाकरीतला चतकोर मोडून माझ्या ताटात टाकला आणि जेवायला लागल्या. दीड भाकरी खाल्ली. स्वयंपाकाच्या बाईंनी माझ्याकडं बघून डोळे पुसले, कांदा चिरत नसताना.

महिनाभरानं, केस विंचरताना, मी त्यांना माझ्या मनात काय आलं होतं ते सांगितलं. लॉकेटचंही सांगितलं. त्यांनी मान वळवून लॉकेटकडं बघितलं. मला वाटलं, उगाच बोलले.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी तसं काय न्हवतं माझ्या मनात. चमकायलं म्हून बघितलं. पर आमच्या घरी तुमच्या लोकांस्नी ओसरीच्या खाली वाढायचे. मीच वाढायची, लांबून. ते खोटं न्हाई."

मी विंचरत राहिले.

"ते कामून लांबून, आसं मी कुणाला इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला बी कुणी कायच इचारलं न्हाई."

त्या दिवसानंतर आमच्यात एक मोकळेपणा आला. माफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही. पण त्या मला घरचं विचारायला लागल्या, माझ्या मुलीच्या परीक्षेचं, आईच्या गुडघ्याचं.

मी आजींच्या फाईलमध्ये ठळक अक्षरात लिहून ठेवलं: सगळ्यांच्या शेवटी जेवतात, वाढायला आवडतं. सर पाहुण्यांना आश्रम दाखवायला आणायचे तेव्हा हॉलशी थांबून हे कौतुकानं सांगायचे. मलाही ते आवडायचं. शोध माझा होता ना.

सहा-सात महिने असे गेले. एके दिवशी मी साडेबाराच्या आधी हॉलमध्ये आले तर आजी टेबलाशी, पहिल्या खुर्चीवर. पुढं ताट. भाकरीची टोपली दाराशी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली.

मला वाटलं, वेळ चुकली असेल, विसरल्या असतील. मी जवळ जाऊन समजुतीच्या आवाजात म्हटलं, "आजी, तुमची जेवायची वेळ व्हायचीय अजून. आधी सगळ्यांना वाढायचं ना?"

त्यांनी मान वर केली. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं बघितलं.

"सगळ्यांच्या मागून जेवायची मला हौस हुती व्हय गं?" त्या म्हणाल्या. "आज भूक लागलीय. तव्यावरची गरम आण."

मी आत गेले. तव्यावर फुगलेली भाकरी उचलली, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी वाढली, वर जावेनं गेल्या खेपेला आणलेल्या तुपातलं थोडं सोडलं. आजी भाकरीला हात लावून क्षणभर थांबल्या, भाजत होतं म्हणून, आणि मग जेवल्या, सावकाश. बाकीचे आत यायला लागले तेव्हा त्या अर्ध्यावर होत्या. कुणाला काही वाटलं नाही. एक निवृत्त ड्रायव्हर आजोबा होते, त्यांनी टोपली उचलली आणि भाकऱ्या वाटल्या.

मला मात्र दिवसभर स्वतःची लाज वाटत होती. एकदा विचारलं आणि मग त्या उत्तराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडं ठेवली, असं झालं होतं. संध्याकाळी फाईलमधली ती ओळ मी खोडली. सर म्हणाले, मग कामाला येणाऱ्या नवीन बायकांना कळणार कसं? मी म्हटलं, त्यांनी आजींनाच विचारावं. तीस माणसांना रोज तीनदा विचारायला वेळ आहे का, असं ते म्हणाले, आणि त्यांचं खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सर स्वतःच, नेहमीची हजेरीची वही न घेता आले आणि आज काय हवं ते विचारत एकेकाजवळ टेकून बसले.

आता सकाळचा चहा तसाच चालतो. कुणी म्हणतं, आज दाढी माझी मी करतो. कुणी म्हणतं, मला खिडकीकडं हलवा. कुणी म्हणतं, काही नको, गप्प बसू दे. ज्यांचं बोलणं आजारानं गेलंय त्यांच्या हाताकडं, भुवयांकडं बघावं लागतं, आणि तिथं अजूनही आमचं चुकतं. कामाच्या घाईत विचारायचं राहून जातं असे दिवस पुष्कळ असतात. तरी पूर्वीपेक्षा बरं आहे. ताटं परत जाणं कमी झालंय.

आजी आता काठीवर चालतात. एखादा आठवडा टोपली घेऊन बसतात, एखादा आठवडा तिच्याकडं बघतही नाहीत. गेल्या महिन्यात चहाच्या वेळी सरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या की हॉटेलात बसून कधी खाल्लं नाही, तसं खायचंय. मुलाला फोन केला, तो हो म्हणाला. मी आणि त्या रिक्षानं बीदरला गेलो, बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात. वेटर समोर येऊन उभा राहिला आणि काय घेणार म्हणाला, तेव्हा आजी सरळ बसल्या, पदर सारखा केला आणि मसाला डोसा सांगितला. अर्धा खाल्ला. वाटलं हुतं तेवढा काय न्हाई, म्हणाल्या. मग चहा मागवला, आणि पुन्हा एक चहा.

परत येताना रिक्षात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढच्या खेपेचं सांगितलं. शेजारच्या टेबलावर हरभऱ्याच्या उसळीबरोबर ते गोल, फुगलेलं, पांढरं काहीतरी आलं होतं, आता ते मागवू.