कंडेन्सेट पंपापाशी झालेला पुकारा

शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, असले गूढ अनुभव वाचायची भारी हौस. रविवारी चहा घेताना तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मी प्रत्येक गोष्टीतली फट शोधून द्यायचे. खिडकी उघडी राहिली असेल, अंगात ताप असेल, अर्धवट झोपेत असतील... माझं कामच ते. मी मेकॅनिकल इंजिनिअर, मूळची नागपूरची. पंप बिघडला की का बिघडला हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे संकेत-बिंकेत, भूत-बीत यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं ते सांगते, बघा तुम्हाला काही सुचतंय का.

२००४ चा हिवाळा. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. शेखर तिथेच एका ऑटो कंपनीच्या आयटीत होता. मी मात्र रोज नॉर्थला लांब ड्राइव्ह करून एका पेपर मिलमध्ये जायचे. मिलमधले सगळे पंप माझ्याकडे होते आणि जोडीला डेल नावाचा मेकॅनिक. पन्नाशीचा, धिप्पाड, मोजकं बोलणारा माणूस.

माझं नाव वृषाली धवळे. मिलमध्ये हे कोणालाही कधी जमलं नाही. डेलनं सुरुवातीला मनापासून प्रयत्न केला, शेवटी मीच म्हटलं, राहू दे, ‘व्ही’ म्हण. तेव्हापासून सगळ्यांसाठी मी व्ही.

त्या दिवशी काम होतं कंडेन्सेट पंपाचं. कागद वाळवायला वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं. ते जवळजवळ उकळतं पाणी बॉयलरकडे परत पाठवणारा हा पंप. गेले काही दिवस तो कमी पाणी देत होता. आत जे चक्र फिरतं त्याच्याभोवती एक कडं असतं, वेअर रिंग म्हणतात. ते झिजलं की मधली गॅप वाढते आणि पुढे ढकललेलं पाणी आतल्या आत मागे येतं. रिंग बदलायची, गॅप पुन्हा जमवायची, झालं. असे पंप आम्ही दोघांनी कितीतरी वेळा उघडले होते.

सकाळीच स्पेअर पंप चालू करून हा बंद केला. वीज तोडून स्विचला कुलूप लावलं. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह शेवटपर्यंत फिरवून बंद केले. तळाचा ड्रेन उघडला, थोडं पाणी आलं आणि थांबलं. प्रेशर गेज शून्यावर. म्हणजे पंप रिकामा. थंड व्हायला द्यायचा तेवढा वेळ दिला. तरी वरचं आवरण गरम लागत होतं, पण शेजारचा पंप चालू, पाईप तापलेले... त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग डेलनं आवरणाचे बोल्ट एकेक करून सोडले. मधल्या गॅस्केटमुळे दोन्ही भाग एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते. जॅक बोल्ट फिरवून ते सुटे करायचे असतात. डेलनं पाना लावला आणि मी टॉर्च घेऊन बरोब्बर सांध्यासमोर गुडघे टेकून बसले. माझा चेहरा सांध्यापासून हातभर अंतरावर असेल.

तेवढ्यात स्पीकरवर पुकारा झाला. मशीनच्या गोंगाटात निरोप पोचावा म्हणून मिलमध्ये जागोजागी मोठे स्पीकर लावलेले होते. आवाज बाईचा. शांत, कसलीच घाई नसलेला.

‘वृषाली धवळे, कंट्रोल रूम, प्लीज.’

‘वृ’ बरोबर. ‘ष’ बरोबर. आणि ‘ळ’ — तो तर मिलच्या फाटकाच्या आत मी कधी ऐकलाच नव्हता. मी वर बघितलं. डेलचा हात थांबला होता.

‘तुझं नाव होतं ना ते?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘कोणाला तरी जमलं एकदाचं. चल, मीही कॉफी घेतो.’

उघड्या मशीनवर एकट्यानं काम करायचं नाही, असा नियमच होता. त्यानं पाना खाली ठेवला आणि आम्ही दोघं निघालो.

कंट्रोल रूम जिना चढून वर. तिथे रिक नावाचा ऑपरेटर एकटाच स्क्रीनसमोर सँडविच खात बसला होता. मी विचारलं, कोणी बोलावलं मला? त्यानं नकारार्थी मान हलवली. त्यानं बोलावलं नव्हतं आणि पुकारा ऐकलाही नव्हता. स्पीकर तर त्याच्या डोक्यावरच होता. मी म्हटलं, अरे आत्ता झाला, बाईचा आवाज होता. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. डेल कॉफी ओतत होता, तो म्हणाला की त्यानंही ऐकला.

आमचं हे बोलणं चालू असतानाच खाली धाडकन आवाज झाला. पाठोपाठ वाफेची शिट्टी... थांबेचना. काचेतून पाहिलं तर पंपाची जागा दिसतच नव्हती. नुसती पांढरी वाफ आणि तिच्याखालून फरशीवर पसरत येणारं पाणी. रिकनं धावपळ करून सगळी लाईन बंद केली. वाफ विरल्यावर आम्ही खाली गेलो. मी बसले होते ती जागा अजून वाफाळत होती. डेलचा पाना पार समोरच्या भिंतीशी जाऊन पडला होता.

पंपाचं कारण दुसऱ्याच दिवशी सापडलं. पाणी आत आणणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा आतून तुटला होता. बाहेरचं चाक पूर्ण फिरलं, पण आतला पडदा अर्धा उघडाच. ड्रेन आणि गेजची नळी, दोन्ही क्षारांनी चोंदलेल्या. रिकामा वाटणारा पंप उकळत्या पाण्यानं गच्च भरलेला होता, आणि बोल्ट सोडल्यावर ते पाणी फक्त त्या गॅस्केटनं धरून ठेवलं होतं.

पुकाऱ्याचं कारण मात्र आजवर नाही. मिलमधल्या कुठल्याही फोनवरून पुकारा करता यायचा, म्हणून मी त्या शिफ्टच्या सगळ्यांना विचारलं. कोणी केला नव्हता. आम्हा दोघांशिवाय कोणी ऐकलाही नव्हता. माझ्याशिवाय तिथे बाई एकच, गेटवरची डेनिस. तिला मी माझं नाव म्हणून दाखवायला सांगितलं. तिनं तीनदा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

शेखरला वाटलं, माझ्या आईचा आवाज असेल. नव्हता हो. ओळखीचा कोणाचाच नव्हता, आणि इथे खोटं कशाला लिहू? नागपूरला फोन करून आईला सगळं सांगितलं, तर म्हणाली, ‘अगं, मी तर गाढ झोपले होते. तू बरी आहेस ना? मग झालं.’

डेल त्यानंतर बरीच वर्षं तिथेच होता. आम्ही या विषयावर एकदाच बोललो, त्याच दिवशी, पार्किंगमध्ये. बर्फ भुरभुरत होता. मी कार सुरू करून नुसतीच बसले होते. त्यानं काचेवर टकटक केलं.

‘मीही ऐकलं, व्ही,’ तो म्हणाला. ‘पुढे कधी तुला शंका आली, तर लक्षात ठेव. आता घरी जा. मीही जातोय.’

घरी जाण्याआधी मी डे-केअरला गेले. माझी लेक सई तेव्हा चार वर्षांची. मला बघून ती धावत आली आणि म्हणाली, ‘मम्मा, यू आर अर्ली!’ मी हो म्हटलं आणि तिचे स्नो-बूट घालायला खाली बसले. झिप काही केल्या लागेना. सई मात्र माझ्या डोक्याचा आधार घेऊन, एका पायावर उभी राहून, दिवसभरातलं काहीबाही सांगत राहिली, आणि मी खाली मान घालून सगळं ऐकत राहिले.