घाट उतरताना वाजणारी सायकल

सायकल मी स्वतःच जोडणार, हे मी घरात इतक्या वेळा आणि इतक्या तोऱ्यात सांगितलं होतं की ती वाजायला लागली तेव्हा तक्रार करायला मला तोंडच उरलं नाही.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि मधे कुठे टेकायचं नाही. कचेरीत हे समजावून सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, घरी काही टेन्शन आहे का?" तसं काही नव्हतं. पोहायला मी माहेरी, साखरखेर्ड्याच्या शेतातल्या विहिरीत शिकले होते. पळायचं तर बुलढाण्यात चढ-उतार इतके की भाजी आणायला गेलं तरी सराव होतो. अडलं ते सायकलीवर. गेल्या वर्षी मी दुसऱ्याची सायकल मागून नेली होती. लांबलचक उतार लागला, खालून काहीतरी कुरकुरलं, आणि मी घाबरून ब्रेक दाबले. उतरले आणि सायकल हातात धरून चालत खाली आले. तोवर वेळ संपली होती. मला पळूही दिलं नाही. वेळ मोजायला पायाला बांधलेली पट्टी एका पोरीने वाकून सोडून घेतली, तेव्हा मला जे वाटलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. भलतंच वाईट वाटलं, बस.

तिथेच ठरवलं की पुढची सायकल आपल्या हाताने जोडायची. कुठला स्क्रू कुठे बसलाय हे माहीत असलं की उतारावर भीती वाटायचं कारण नाही. या डिसेंबरात तीच स्पर्धा होती आणि तोच उतार होता.

बुलढाण्याला रेल्वे नाही, म्हणून फ्रेमचं खोकं नांदुऱ्याला उतरलं. नवरा सुट्टी काढून ते घेऊन आला. बाकीचे भाग कुरिअरने एकेक करून येत राहिले, आणि आमचा हॉल भरत गेला. सासूबाई त्यातून वाट काढत देवघरापर्यंत जायच्या. सायकलीबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "हे बैलाचे शिंगं कायले वं?" कोपरं टेकवून पुढे वाकायचे ते दांडे होते. मी हवेचा विरोध वगैरे सांगितलं. "हाव," म्हणजे हो, एवढंच म्हणाल्या आणि फुलवाती वळायला बसल्या. त्यांना माझं हे खूळ मुळीच पसंत नाही, असा मी त्या 'हाव'चा अर्थ लावला.

दसरा आला तेव्हा सायकल अर्धी झाली होती. नुसती फ्रेम स्टँडवर उभी. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. दसऱ्याला आमच्याकडे ज्याला धार आहे आणि ज्याला चाक आहे त्या सगळ्याची पूजा होते. स्कूटी, मोटरसायकल, विळा, शिलाई मशीन, आणि हल्ली मिक्सरसुद्धा. मी सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "आई, या सायकलीले काही लावू नका. अजून ती गाडी झाली नाही." त्या "हाव" म्हणाल्या. मी आंघोळ करून बाहेर आले तर काळ्याभोर फ्रेमवर हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूचं फूल. मी तणतणत ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी सीट बसवली, मग हँडल, केबली, चाकं. आठवडाभरात सायकल उभी राहिली, आणि खरं सांगते, फार देखणी दिसत होती.

पहिल्या दिवशी पहाटे राजूर घाटात गेले. सपाटीला सायकल लोण्यासारखी. उतार लागला, रस्त्यावरचा पहिला खड्डा आला आणि खालून आवाज आला, टक. पुढच्या वळणावर खरखर. मग पुन्हा टक. माझे हात ब्रेकवर असे आवळले गेले की बोटं सुन्न झाली. तिसऱ्या वळणावर मी उतरले, आणि गेल्या वर्षीसारखीच सायकल धरून उभी राहिले.

घरी आणून स्टँडवर लावली, पॅडल फिरवलं, चाकं फिरवली. चूप. हाताने हलवली तर कुठेतरी बारीक खर्र झालं, पण ते नक्की सायकलीतून आलं की शेजारच्यांच्या नळातून, हेसुद्धा मला सांगता येईना.

मग सुरू झाला घोळ. टक वेगळं आणि खरखर वेगळी, म्हणजे दोष दोन, असं मी धरून चालले. टकसाठी पॅडलचं बेअरिंग काढलं, ग्रीस भरलं, परत बसवलं. टक तशीच. खरखरीसाठी फ्रेमच्या पोटातून जाणाऱ्या केबली ओढून काढल्या, त्यांना फोमची नळी घातली, पुन्हा ओवल्या. यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि खरखर जरा जास्तच मोकळेपणी होऊ लागली. सीटचा दांडा काढून पुसला आणि परत घातला. नवऱ्याचं म्हणणं, ब्रेकची चकती घासून राह्यली. चकती बदलली. बाजारातल्या सायकलवाल्याने कान लावून ऐकलं, दोन्ही चाकं दाबून पाहिली, आणि म्हणाला, "ताई, हे लोखंडाची नाही ना, हिचं आपल्याले काही समजत नाही." पुण्याच्या दुकानात फोन केला तर त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही काय काय खोललं? मी सांगत गेले. त्यांनी सगळी यादी ऐकून घेतली. मग म्हणाले, इकडे पाठवून द्या.

माझी अवस्था अशी झाली की जेवताना कोणी ताटात चमचा टेकवला तरी मी विचारायची, हा कसला आवाज? प्रत्येक दुरुस्तीनंतर वाटायचं, झालं. प्रत्येक पहाटे घाटात टक. मी घाट अर्धा सोडून परत यायची, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे त्यावरून जाताना ती सायकल मला वेडावल्यासारखी पुन्हा वाजायची. घरात शिरावं तर ओट्यावर चहा तयार, वाफा निघत असलेला. मी कधी लवकर यायची, कधी उशिरा. पण चहा कधी गार नव्हता आणि कधी व्हायचा होता असंही नव्हतं. डोक्यात सायकल असल्यामुळे मी तो उभ्याउभ्याच पिऊन टाकायची.

स्पर्धा जवळ आली तसा नवरा म्हणाला, "पुण्याले पाठवू. नाहीतर या वर्षी राहू दे ना. आवाजाच्या सायकलवर तुले उतारावर मी पाठवत नाही." बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पुण्याला पाठवायची म्हणजे स्पर्धा चुकणार. आणि मी जोडलेली सायकल मलाच कळली नाही, हे पक्कं होणार.

शनिवारी दुपारी मी ती खोक्यात भरायला घेतली. चाकं काढली, हँडल काढलं, सीट दांड्यासकट काढली. फ्रेम कार्बनची, तिच्यावर ओरखडा नको म्हणून इतके दिवस मी सायकल एकदाही उलटी केली नव्हती. खोक्यात मात्र फ्रेम उलटीच बसत होती. मी ती उचलून उलटी धरली, आणि सीटच्या भोकातून फरशीवर तांदूळ सांडले.

पिवळे, हळद लावलेले तांदूळ. फ्रेम अजून जराशी हलवली तर आत काहीतरी गडगडत आलं आणि टक करून खाली पडलं. सुपारी. ती घरंगळत दिवाणाखाली गेली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "निंघाली का?" त्यांनी विचारलं.

"आई, हे तुम्ही टाकलं आतमधे?"

"टाकलं नाई वं. गाडीच्या पूजेले सुपारी सीटवर ठेवतात. तुह्या गाडीले सीटच नवती. जिथं सीट येते तिथं ठेवली, तं सुळकन आत गेली. अक्षदा बी गेल्या."

"मग सांगितलं काऊन नाही? मी महिनाभर खोलून राह्यली हिले!"

"तू हळदकुंकू पुसून राह्यली होती, तणतण करत. मी काय सांगू?" त्यांनी दिवाणाखाली नजर टाकली. "आन् सुपारी म्हंजे गणपतीच ना. म्हटलं, असू दे. घाटात तुह्यासंग कोनी तं हाये."

मला राग आला होता, हसूही येत होतं, आणि आतून एकदम हलकं वाटत होतं, कारण माझं एकही बेअरिंग चुकलेलं नव्हतं. यातलं आधी काय करावं ते कळेना, म्हणून मी दिवाणाखाली वाकून सुपारी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. मी खोकं बाजूला सारलं आणि सायकल पुन्हा जोडायला बसले.

रविवारी पहाटे राजूर घाट पहिल्यांदा पुरता उतरले. आवाज नाही. फक्त वारा. एकाही वळणावर पाय टेकवला नाही, आणि खाली पोचल्यावर कोणी बघत नाही हे पाहून थोडं रडून घेतलं. मग चढ चढून घरी आले. ओट्यावर चहा नव्हता. गॅसही पेटलेला नव्हता. सासूबाई गेटपाशी पायरीवर बसलेल्या, पदर कानावरून घट्ट घेतलेला. माझ्याकडे दचकून पाहिलं.

"कवा आली? मले समजलंच नाई."

"आत्ताच. थंडीत बाहेर काऊन बसल्या?"

"आता तुही गाडी वाजत नाई ना," त्या म्हणाल्या. "रोज त्या ब्रेकरवर टक वाजे. वाजलं की समजे, आली पोरगी घाटातून. मंग मी चहा मांडो. आज किती वेळची कान लावून राह्यली."

मी सायकल भिंतीला टेकवली. इतके दिवस ज्या आवाजाने माझा जीव खाल्ला, त्याच्याच वाटेकडे घरात कोणीतरी रोज पहाटे कान लावून बसत होतं, आणि मी तो चहा चवही न घेता पीत होते. आत गेले आणि त्या दिवशीचा चहा मी केला.

सोमवारी घाट करून आले तेव्हा गल्लीत अजून दिवे होते. गतिरोधकावर सायकल हळू केली. ती गप्पच राहिली. मग मीच तोंड उघडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आई, आली मी, चहा मांडा." दोन घरांची दारं उघडली. आमच्या स्वयंपाकघराचा दिवा लागला.