एरंडेल लावलेले बूट

मोजा ओढला तेव्हा तिच्या अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं. लखनौच्या कुकरैल जंगलात, मातीच्या उतारावर ती बसली होती. मी तिथे चालायला जाते, ती पळायला.

ही आमची अलीगंजची शेजारीण, मूळची कोल्हापूरची. नाव लिहीत नाही, भांडायला येईल. प्रत्येक वाक्यानंतर "हो की नाही?" विचारते आणि उत्तराला थांबत नाही. पन्नाशी उलटल्यावर तिने पळायचं ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "चार दिवसांचं खूळ आहे." ते तिला फार लागलं.

हजरतगंजला बूट घ्यायला मी सोबत गेले होते. दुकानदार म्हणाला, "आंटी, एक नंबर बड़ा लीजिए. ढलान पर उँगलियाँ आगे दबती हैं."

"भैया, चप्पल टाइट ही लेते हैं, बाद में ढीली होती है. हो की नाही?"

"अगं, ती चामड्याची असते," मी म्हटलं. तिने घरी जाऊन बुटांना एरंडेल चोळलं. बूट सैल झाले नाहीत, वास मात्र मारू लागले.

"आता सोड हे," त्या दिवशी उतारावर तिचं नख बघून मी म्हटलं.

"मग ते घरी हसतील, मावशी."

तिने पायाला रुमाल बांधला आणि घरी न जाता ऑटोने थेट दुकान गाठलं.

"भैया, एक नंबर बड़ा. हो की नाही?"

आणि ती उत्तरासाठी थांबली.

जुन्या बुटांनी आधीच काळं पडलेलं दुसऱ्या अंगठ्याचं नखही पुढे गेलं. ती अजून पळते.