शाळेच्या स्पीकरवर माने सर

"आवाज मेलेल्या माणसाचा आहे," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, हे कुठल्या वॉरंटीत बसतं?"

मी हसलो नाही. बाईही हसल्या नाहीत.

मी बारामतीत राहतो. शाळांना घंटेची मशिनं बसवून देतो. पूर्वी शिपाई टोल द्यायचा, आता ते काम मशिन करतं. त्यात एक घड्याळ असतं आणि एक मेमरी कार्ड. किती वाजता काय वाजवायचं ते भरून ठेवायचं. वेळ झाली की मशिन आवाज अॅम्प्लिफायरला देतं, अॅम्प्लिफायर तो मोठा करून वर्गावर्गांतल्या स्पीकरला पोचवतो. यात भुताला जागाच नाही, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो.

शाळा इंदापूर तालुक्यातली, शेळगावच्या पुढची. माने सर तिथं विज्ञान शिकवायचे. गेल्या नवरात्रात हार्ट अटॅकनं गेले. आणि आता फेब्रुवारीत, पंधरा दिवस झाले, ते रोज स्पीकरवर बोलत होते. वेळ एक नाही. आधी प्रार्थनेनंतर, मग मधल्या सुट्टीत, आता दुपारच्या तासाला. रोज थोडं थोडं पुढं सरकत होते. आठवीच्या दोन मुली शाळेत यायच्या बंद झाल्या होत्या.

"संस्थेचं म्हणणं, हे रफिकचंच काम," बाई म्हणाल्या. "ऑफिसची किल्ली त्याच्याकडं. त्यातून आवाजात त्याचंच नाव येतं. सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर त्याला घरी बसवणार."

रफिकभाई शाळेचा शिपाई. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. तो दाराशी स्टुलावर बसला होता. सगळं ऐकत होता, पण स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलत नव्हता. मला त्याचा रागच आला. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

मी मशिन उघडलं, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. प्रार्थना, राष्ट्रगीत, तासांच्या घंटा. बारा फाइली, आणि माने सर कुठंच नाहीत. बाईंना दाखवायला मी कार्ड हातात धरलं. मशिन रिकामं होतं. तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"मुलांनो, आज दोन माणसांची गोष्ट. एक सफरचंदवाला, दुसरा विस्कटलेल्या केसांचा. दोघांचे फोटो आपल्या प्रयोगशाळेत आहेत."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू? समोरच्या वर्गातला गलका एकदम थांबला.

सर सावकाश बोलत होते. "पहिल्याच्या वेळी साथ आली, कॉलेज बंद पडलं. तो आईच्या शेतावर परत आला आणि तिथं बसून त्यानं आभाळाचं गणित मांडलं. लग्न केलं नाही, भांडणं मात्र पुष्कळ केली. दुसरा ऑफिसात कारकून होता. घरी फिडल वाजवायचा. पुढं त्याला देश सोडावा लागला, तो परत कधी गेला नाही. पहिल्याची बुद्धी पहारीसारखी. एकाच जागी घाव घालायचा, खडक फुटेपर्यंत. दुसरा खडकाकडं बघून विचारायचा, हा खडकच आहे कशावरून? पहिला म्हणाला, काळ सगळ्यांना सारखा. दुसरा म्हणाला, नाही बाबा, ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं. सांगा बरं, कोण मोठा?"

मग शांतता. चांगली चार-पाच श्वासांची.

"हं. मलाही तेच वाटतं," सर म्हणाले. "रफिक, खिडकी लाव रे. वारं येतंय."

रफिकभाई स्टुलावरून उठला. प्रयोगशाळेत गेला. खिडकी लावल्याचा आवाज आला. तो परत येऊन बसला.

"रोज असंच करतो," बाई हळूच म्हणाल्या.

भीती वाटली की मी वायर धरतो. वायर कुठून तरी येते आणि कुठं तरी जाते, तेवढाच आधार. अॅम्प्लिफायर मीच संक्रांतीच्या आठवड्यात नवा बसवला होता. मागं बघितलं तर आवाज आत घ्यायच्या दोन पिना. एक नव्या मशिनची. दुसरी भिंतीवरून वर जात जुन्या कपाटाच्या माथ्यावर गेलेली. स्टुलावर चढलो. जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागं लाल दिवा लुकलुकत होता.

ते जुनं घंटेचं मशिन होतं. गेल्या श्रावणात मीच त्यातल्या घंटा आणि प्रार्थना नव्या मशिनात हलवून ते बंद केलं होतं. आपल्याकडं जुनं कुणी टाकत नाही. राहू द्या, कधीतरी कामाला येईल, म्हणून वर ठेवलेलं. आणि संक्रांतीला मला एक वायर लोंबताना दिसली, अॅम्प्लिफायरला एक जॅक मोकळा दिसला, बोर्डात एक सॉकेट रिकामं दिसलं. घाईत सगळं खोचून मोकळा झालो. चूक शंभर टक्के माझी.

"बाई, रफिकभाईंचा यात काही संबंध नाही," मी वरूनच म्हणालो. "हे मी केलंय. लिहून देतो."

मग रफिकभाई बोलला. "सरांनी मशिन बदलायच्या आधी भरलं व्हतं ते. पुढच्या महिन्यापासून रोज लावायचं म्हणून. तवा खोलीत आमी दोघंच."

"मग बोलला का नाहीस?" बाई चिडल्या. "नोकरी जात होती तुझी."

"बोललो असतो तर तुमी बंद केलं असतं."

मी विचारलं, "कोण मोठा विचारल्यावर तुम्ही काय उत्तर दिलं होतं?"

"काय न्हाय. मी गप हुबा व्हतो."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मशिनकडं.

मशिनचा आतला सेल मेला होता. असा सेल मेला की या मशिनचं घड्याळ लाइट गेली की थांबतं आणि आली की तिथूनच पुढं चालतं. तिकडं लाइट रोज जाते, म्हणून भाषण रोज उशिरा. इथवर सगळं सरळ होतं. पण श्रावणात थांबलेलं ते घड्याळ संक्रांतीला तिथूनच पुढं निघालं होतं. मी पडद्यावरची धूळ पुसली. तारीख गेल्या सप्टेंबरातली होती, नवरात्राच्या आधीची. मी ती मोठ्यानं वाचली.

रफिकभाईनं बोटं मोजली. "म्हंजी हितं सरांना अजून आठ दिस हायत."

माझा हात त्या मशिनवर होता, आणि ते कोमट होतं.

"साहेब, पिन आत्ताच काढा," तो म्हणाला. "त्यो दिस मी एकदा बघितलाय."

मी सॉकेटातली पिन काढली. लाल दिवा विझला.

भाषणाची फाइल मी बाईंना दुसऱ्या कार्डवर दिली. रफिकभाईची नोकरी राहिली. माझं त्या शाळेचं काम गेलं, तेही बरोबरच झालं. तेव्हापासून नियम केलाय, मोकळा जॅक दिसला म्हणून वायर खोचायची नाही, आणि जुनं उतरवल्याशिवाय नवं चढवायचं नाही.

जुनं मशिन मी दुकानात आणलं. सेल दहा मिनिटांत बदलता येतो, बदललेला नाही. वर चिठ्ठी चिकटवलीय: याला लाइट देऊ नये.